बत्तीस एमबीचं गाव

मिल बंद झाली तेव्हा बाबांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं. साळखात्यात, म्हणजे मागांच्या शेडमध्ये, ज्यांचा जन्म गेला त्या बहुतेकांचे कान असेच गेलेले. तिथे खटखटाट एवढा, की तोंडाने बोलण्यात अर्थच नसायचा. सगळं हातानं. दोन बोटं एकमेकांवर घासली की धागा तुटला. डोक्याभोवती हात फिरवला की खात्याचा मास्तर आला. तळहात छातीवर ठेवून बोट आपल्याकडे वळवलं की, माझ्या मागावर ये, जरा बघ. बाबा म्हणे त्या शेडमधले सगळ्यात बडबडे. मिल बंद झाली आणि सोबती पांगले. कोणी सुरतेला, कोणी मुलाकडे भुसावळला, कोणी विजय नगरच्या नव्या बिल्डिंगींमध्ये चौकीदार. हातानं बोलणारं कोणी उरलं नाही, आणि आमचे बडबडे बाबा दारापुढच्या ओट्यावर मूग गिळून बसायला लागले.

घरात आम्ही दोघंच. आई आधीच गेलेली, ताई लग्न करून नागपूरला. मी पाटनीपुऱ्याकडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. त्या दिवसांत गल्लोगल्ली क्लास निघाले होते. ज्याला त्याला शिकून इंदूरबाहेर पडायचं होतं, आणि पडतही होते. माझ्याकडे माउस धरायला शिकलेली माणसं पुण्याला, बंगलोरला निघून गेली. मैत्रिणी गेल्या. मी आपली तिथंच, दर तीन महिन्यांनी नव्या लोकांना तोच माउस धरायला शिकवत. बाबांना टाकून जायचं कसं? आणि राहायचं तर बोलायचं कोणाशी? संध्याकाळी घर खायला उठायचं. खरं सांगते, कुकरची शिटी झाली तरी बरं वाटायचं, कोणीतरी आवाज केला म्हणून.

क्लासमध्ये नवी मशीनं आली तेव्हा एक जुनं मी स्वस्तात घरी आणलं. त्यात एक गाडी चालवायचा गेम होता. रेस वगैरे होती, पण मला तिचं काही पडलं नव्हतं. मला आवडायचं ते त्यातलं गाव. कुठेही जा, कोणी विचारत नाही. फक्त ते चालायचं फार वाईट. मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं, बोर्डावरच जे काय होतं त्यावर भागवायचं. चित्र अडखळत पुढे जायचं, वळण येईपर्यंत गाडी भिंतीत. क्लासमध्ये येणाऱ्या मासिकातले कार्डांचे तक्ते वाचून वाचून मी ठरवलं की स्वस्तातलं का होईना, कार्ड घ्यायचंच. पगारातून थोडं थोडं बाजूला टाकलं आणि महाराणी रोडला गेले.

दुकानदार मोठा गोड. "दीदी, चौसष्ट एमबीवाला ले जाओ, आँख बंद करके." भाव बत्तीसवाल्याएवढाच. मी म्हटलं, "भिया, आँख खोलकेच घेते मी." कारण त्या चौसष्टवाल्याची गोम मला ठाऊक होती. मेमरी दुप्पट, पण तिच्यात माहिती ये-जा करायचा रस्ता अर्धा. मोठा हंडा आणि तोंड चिमणीएवढं, भरणार कधी आणि ओतणार कधी? खोक्यावरचा मोठा आकडा बघून लोक फसायचे, तेवढ्यासाठीच तो छापलेला असायचा. मी बत्तीसवालं घेतलं. त्यावर रुपयाएवढा पंखा होता. दुकानदार म्हणाला, "मर्ज़ी आपकी." माझीच मर्जी, मग!

कार्ड बसवलं, गेम लावला, आणि अहाहा! गाडी लोण्यासारखी. सेटिंगमध्ये जाऊन सगळं चालू केलं, आणि त्या गावात झाडं उगवली. बसेस आल्या. मुख्य म्हणजे फुटपाथवर माणसं आली. छत्र्या, पिशव्या घेऊन चालणारी, सिग्नलला थांबणारी, गाडी जवळ आली की टुणकन उडी मारून बाजूला होणारी. मी एकटीच खदाखदा हसले. मागे वळून बघते तर बाबा दारात उभे.

ते आत आले. आधी कॅबिनेटवर तळहात ठेवला, मागावर ठेवायचे तसा. पंख्याची थरथर हाताला लागली तशी मान डोलावली. मग खुर्ची ओढून बसले आणि मी गाडी पळवायला लागले तर माझा हात धरला. "थांबव. इथंच थांबव."

मी चौकात गाडी उभी केली. बाबा बघत राहिले. लोक येत होते, जात होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आज गर्दी आहे."

त्या दिवसापासून ते रोज बसायला लागले. मशीन चालू कसं करायचं ते शिकले. गाडी चालवायचे नाहीत, चौकात नेऊन लावायचे आणि माणसं बघायचे. एक पिवळ्या टोपीवाला होता, तो त्याच त्या फेऱ्या मारायचा. "याची बघ, ड्युटी लागलेली आहे," बाबा म्हणायचे. मी क्लासवरून आले की दिवसभरात कोण कोण दिसलं ते सांगायचे. हातवारे करून सांगायचे! आईच्या माघारी पहिल्यांदा आमच्या घरात गप्पा होत होत्या, त्या भले नसलेल्या माणसांच्या असोत. काय सांगू, मी क्लास सुटला की जवळजवळ पळत यायचे. एवढ्याशा पंख्याच्या जिवावर माझे बाबा परत आले होते.

मग मे उजाडला. दुपारी पत्रा तापायचा, बाहेर लू, भाजून काढणारा वारा. त्या चिमुकल्या पंख्याचं काही चालेना. चित्र मध्येच गोठायचं, पडद्यावर रंगीत चौकटी यायच्या. मी कॅबिनेटची एक बाजू काढून ठेवली आणि बाबांना ओरडून सांगितलं, "गरम होतंय याला! दुपारी लावू नका!" बाबांनी माझ्या ओठांकडे बघत मान हलवली. त्यांनी त्यातलं पहिलंच वाक्य घेतलं, दुसरं नाही.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर खोलीत गारेगार. कूलर ओढून कॅबिनेटच्या उघड्या तोंडाशी लावलेला, टाकीत काठोकाठ पाणी, जाळ्यांत वाळ्याची नवी खस. फरशीवर पाणी शिंपडलेलं. खिडकीला ओली चादर. हे सगळं बाबांना नवीन नव्हतं. मागांच्या शेडमध्ये हवा ओली ठेवावी लागते, कोरड्या हवेत सूत तुटतं. उन्हाळ्यात मशीन कुरकुरायला लागलं की ओल वाढवायची, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी आपल्या हिशेबानं मशीनची सगळ्यात चांगली सेवा केली होती. कार्डावर पाण्याचे थेंब होते. पडदा काळा.

माझ्या डोक्यात राख गेली. "हे सूत नाहीये, बाबा! सूत नाहीये हे!" एवढ्या मोठ्यांदा ओरडले की समोरच्या काकू बाहेर आल्या. बाबांना त्या दिवशी सगळं ऐकू आलं. एवढंच म्हणाले, "गरम होतंय म्हणालीस ना." आणि फडकं आणून फरशी पुसायला बसले.

कार्ड घेऊन दुकानात गेले. त्याने उन्हात धरून बघितलं. "दीदी, इसमें तो पानी गया है. वारंटी में नहीं आएगा." वर विचारतो कसा, नहलाया था क्या म्हणून. नवं घ्यायचं तर दिवाळीपर्यंत थांबायला हवं होतं.

बाकीचं मशीन सुकवल्यावर चालू झालं, नशीब. पण बाबा काही खोलीत येईनात. मी राग सोडला होता, ते सोडायला तयार नव्हते. माझ्यावरचा नव्हे हो, स्वतःवरचा. मशीन दिसलं की पाठ फिरवायचे. पुन्हा ओटा, पुन्हा समोरची भिंत. जेवताना मी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचे, आणि बहिऱ्या माणसानं ऐकू न आल्याचं सोंग केलं तर तुम्ही करणार काय? आधी गप्पा नव्हत्याच तेव्हा चालून जात होतं. आता एकदा चव लागल्यावर ती शांतता सहन होईना. कार्ड गेलं तर गेलं, पण बाबा पुन्हा गेले तर मी इथं राहायचं कोणासाठी, असं वाटून मी भांडी घासताना रडायचे. पाण्याचा आवाज असतो म्हणून नव्हे. ऐकणारं कोणी नव्हतंच.

एका रविवारी सकाळी मी ठरवलं. मॉनिटरची केबल पुन्हा बोर्डाच्या जुन्या भोकात लावली. गेम चालण्याजोगा करायचा तर एकेक गोष्ट कमी करावी लागते. सावल्या बंद केल्या. झाडं बंद. बसेस बंद. तरी अडखळत होता. शेवटी माणसं बंद केली, तेव्हा कुठे गाडी नीट हलली.

दारात जाऊन उभी राहिले. बाबा ओट्यावर. हाक मारून उपयोग नव्हता. मी समोर गेले, तळहात छातीवर ठेवला आणि बोट माझ्याकडे वळवलं. माझ्या मागावर ये, जरा बघ.

बाबा माझ्या हाताकडे बघत राहिले. मिल सुटल्यापासून त्यांना असं कोणी बोलावलं नव्हतं. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझ्यामागे आत आले.

खुर्चीत बसले. मी गाडी त्यांच्या नेहमीच्या चौकात नेऊन उभी केली. रस्ते, इमारती, सिग्नल, सगळं जागच्या जागी. चिटपाखरू नाही. बाबांनी वाकून पडद्यावर इकडून तिकडे बघितलं. पिवळ्या टोपीवाल्याच्या कोपऱ्याशी नजर थांबली.

"इथली मिल पण बंद झाली?"

कार्ड, मेमरी, बोर्ड, काय काय समजावणार होते मी. हो म्हणून मान हलवली फक्त.

बाबांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला. आतली थरथर हाताला लागली. मग माझ्याकडे वळून, धीर द्यावा तसे म्हणाले, "मशीन चालू आहे की. शिफ्ट सुटली नसेल अजून. थांबू जरा, येतील."

माणसं मीच बंद केली होती, माझ्याच हातानं. मी माझी खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावली आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या चौकाकडे बघत बसलो.