दगडाचं सोंग

सिहोरा रस्त्यावरच्या आमच्या घराला बाहेरून काय लावायचं, यावरून मी थोरल्या भावाशी जेवढी भांडले तेवढी उभ्या आयुष्यात कशावरून भांडले नव्हते. आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

घर तयार मिळणारं होतं. कारखान्यात बनलेल्या भिंती ट्रकमधून यायच्या, लोखंडी सांगाड्यावर बोल्टांनी बसायच्या, की झाल्या दोन खोल्या. मी शाळेतून निवृत्त झाले होते, पण हे घर माझ्या हौसेखातर नव्हतं, आईसाठी होतं. जबलपूरच्या भूकंपात घमापूरच्या आमच्या राहत्या घराची भिंत तिच्या पायांवर कोसळली होती. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी हातांनी विटा उपसून तिला बाहेर काढलं. पुढे काही दिवस सगळी गल्लीच रस्त्यावर झोपली. मग एकेक जण घरात परतला. आई परतली नाही. दिवसभर ती घरात वावरायची, स्वयंपाक करायची, आल्यागेल्याचं बघायची, पण पाठ टेकायची ती मागच्या पडवीत, पत्र्याखाली. डिसेंबरातही, दोन रजया घेऊन. आता ऐंशी ओलांडल्यावर दर हिवाळ्यात तिची छाती भरायला लागली आणि डॉक्टरांनी बजावलं की या थंडीत बाहेर झोपू द्याल तर पुन्हा माझ्याकडे आणू नका.

हलक्या भिंतींच्या घराचं मी तिला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "झोपून पाहीन." एवढ्या वर्षांत 'नाही'शिवाय दुसरं उत्तर पहिल्यांदा मिळालं होतं. मी दुसऱ्याच दिवशी ऑर्डर दिली.

बाहेरचा पृष्ठभाग निवडायला आम्ही गोहलपूरच्या दुकानात गेलो. सिमेंटचे बोर्ड, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, लाकडासारखं दिसणारं, विटांसारखं दिसणारं, दगडासारखं दिसणारं. जे आहे तसंच दिसणारं मात्र काही नाही. एक साधा नालीदार पत्रा कोपऱ्यात होता, तो दुकानदारानं दाखवलासुद्धा नाही. "मैडम, वो तो गोदाम का माल है." भाऊ आणि वहिनी थेट दगडाच्या नमुन्यापाशी जाऊन उभे. काळपट, खडबडीत, सांध्यासकट हुबेहूब दगड, आणि आतून फोम. भावाचं म्हणणं एकच. "साधं काही लावलं तर लोक म्हणतील, बहीण आईला डब्यात ठेवून राहिली." लोक! हिवाळ्यात आईची छाती शेकायला यातला एक तरी माणूस कधी आला होता? मी लाकडी रंगाचे बोर्ड पसंत केले, कागदावर सही केली आणि विषय संपवला.

विषय संपला नव्हता. भावानं परस्पर दुकानात फोन करून दगड सांगितला. प्लॉट माझ्या नावावर, सही माझी, आणि मला साधं विचारायचीही गरज त्या दुकानदाराला वाटली नाही. नंतर जाब विचारला तर म्हणतो, "भैया का फोन आया था, मैडम." जणू भैयाचा फोन म्हणजे वरून आलेला हुकूम. दगड लागलाय हे मला कळलं तेही घर उभं राहिल्यावर, आईला गाडीतून उतरवताना.

आई फाटकातच थांबली. समोर जमिनीपासून छपरापर्यंत दगडाची भिंत. भावानं लगबगीनं उरलेला एक तुकडा आणला आणि दोन बोटांवर उचलून दाखवला. "हे बघ आई, कागदासारखं हलकं आहे. पडलं तरी लागणार नाही." आईनं तो हातात घेतला, उलटा करून पाहिला, बोटानं दाबला आणि परत दिला. मग बाहेरच खुर्ची मागितली आणि आपली वळकटी तिथेच ठेवायला सांगितली.

"अगं, आता तर पाहिलं ना तू?" भाऊ म्हणाला. "काहून घाबरून राहिली?"

"दिवसा समजते रे मला," आई म्हणाली. "झोपेत कोण समजावून सांगेल?"

माझा तोल सुटला. वहिनीसमोर, कामगारांसमोर मी भावाला नको नको ते बोलले. तुला आईपेक्षा रस्त्यावरून जाणारे लोक जवळचे, असंही बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता. मला अजून बोलायचं होतं, पण आईनं माझा हात धरला.

"तू तरी कुठं विचारलं मला?"

खरंच नव्हतं विचारलं. लाकडी रंग मला आवडला होता. तिच्यासाठी घर आणि तिला सोडून सगळ्यांच्या पसंतीची भांडणं. भावावरचा राग तसाच होता, त्यात आता माझ्यावरचाही मिसळला.

संध्याकाळी आईला घमापूरला परत नेलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी वाद घालून सगळे नमुने तिथे आणले आणि आईपुढे मांडले. माझ्या लाडक्या लाकडी बोर्डावरून तिनं नुसता हात फिरवला आणि तो बाजूला सारला. गोदामाचा पत्रा उचलला. "हा पत्राच आहे ना? मग पत्राच दिसू दे." भाऊ बोलायला गेला, त्याला मी डोळ्यांनीच थांबवलं. मलाही ते घर कुरूप दिसणार हे ठाऊक होतं. कुरूपच दिसतं. येणारेजाणारे आजही विचारतात की इथे कसला माल ठेवता. विचारू देत.

दगड उतरवून पत्रा लागला त्या दिवशी आम्ही तिघं तिथेच ओट्यावर जेवलो. जेवण झाल्यावर आई उठली, घराभोवती एक चक्कर मारली आणि झोपते म्हणून आत गेली. पाठोपाठ जाऊन तिला पांघरूण घालावं म्हणून मी उठले, तेवढ्यात तिनं दार ओढून घेतलं. भूकंपानंतर झोपताना आईनं कुठलंही दार लावलेलं मला आठवत नाही. पळायला वाट मोकळी हवी, म्हणायची. भाऊ आणि मी ओट्यावर उभे होतो, आणि तिनं आतून कडी घातली.