खराट्यांची खोली

सोमवार. शिमगा होऊन आठवडा झालेला. सकाळचे साडेदहा.

हजर: भिमाबाई, सुमन, लक्षी आणि मी, त्यांची मुकादम. गैरहजर कोणी नाही.

जागा: नायगाव पूर्वेची नवी बाग. तीन बाजूंना टॉवर, चौथ्या बाजूला खाडी. बाग सार्वजनिक आहे. फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, सर्वांसाठी खुली.

आम्ही चौघी सहापासून कामाला होतो. पाला झाडून खताच्या खड्ड्यात टाकला होता, पळायच्या वाटेवरचं शेवाळ घासलं होतं, बाकं धुतली होती. बाकं रोज धुवावी लागतात, कबुतरं घाण करतात. साडेदहाला आमची डबा खायची सुट्टी.

भिमाबाई बदामाच्या झाडाखालच्या बाकावर बसली. साठीला टेकलेली बाई. उजवा गुडघा कामातून गेलेला. जमिनीवर बसली तर उठवायला दोघी लागतात, म्हणून बाकावर. मी तिच्या शेजारी. सुमन आणि लक्षी समोर वाटेच्या कडेला. भिमाबाईनं फडकं सोडलं. भाकरी आणि ठेचा. पहिला घास मोडला आणि बागेच्या नागरिक समितीतले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरे बूट, गळ्यात टॉवेल. बागेची देखरेख ह्या समितीकडे. मला रोज 'गुड मॉर्निंग मुकादम' म्हणणारे ते.

भिमाबाईकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्याशी बोलले.

"मुकादम, ह्यांना सांगून ठेवा. ही बाकं लोकांसाठी आहेत."

मी उठून उभी राहिले. सवयीनं.

"जेवायचंय तर मागे जाऊन जेवा म्हणावं. इथं लहान मुलं येतात. आणि उठताना पुसून घ्यायला सांगा."

मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. लपवण्यात अर्थ नाही.

मी म्हणाले, "भिमाबाई, उठा. पुसून घ्या."

पुसायचं फडकं सुमनच्या बादलीत होतं. ती आणायला उठली, पण भिमाबाई थांबली नाही. तिनं मोडलेला घास परत भाकरीवर ठेवला, भाकरी बांधली आणि पदरानं बाक पुसलं. सकाळी तिनंच धुतलेलं बाक. ती तिथं पुरती दोन मिनिटं बसली नव्हती.

"थँक यू, मुकादम," ते गृहस्थ म्हणाले. "तुम्ही समजूतदार आहात." आणि त्या बाकावर बसून त्यांनी बुटाची नाडी बांधली.

माझ्या आयुष्यात मला बरंच काही ऐकवलं गेलंय. त्यातलं पुष्कळसं मी विसरले. पण हा 'समजूतदार' अजून अंगाला चिकटलाय.

मी समजूतदार कशी झाले, तेही सांगते. माझी आई बिगारी होती. आम्ही मराठवाड्यातून आलो आणि गोखिवऱ्याला बांधकामावरच राहिलो. इमारत उभी राहीपर्यंत आमचं घर तिच्या पायथ्याशी. रंग लागला की आमची पत्र्याची खोली उचलायची, पुढच्या इमारतीकडे जायचं. एकदा, मी नऊ-दहा वर्षांची असेन, आई मला घेऊन आधीच्या, बांधून झालेल्या इमारतीत शिरली. तिनं डोक्यावरून विटा वाहिलेला जिना तिला मला दाखवायचा होता. पहिल्या मजल्यावर एका बाईंनी दार उघडलं. "काय पाहिजे?" आई म्हणाली, "काही नाही, चुकून आलो." खाली उतरल्यावर तिनं मला शिकवलं, काम दिसलं पाहिजे बाळा, आपण दिसता कामा नये.

हे मी पक्कं शिकले. आठवी पास, अक्षर चांगलं, वही कायम काखेत. झाडूवालीची मुकादम झाले ती ह्याच गुणावर. माझ्या बीटावरच्या, म्हणजे माझ्या हद्दीतल्या, बायका काम करून नजरेतून नाहीशा होतात, ही माझी ख्याती. रहिवासी खूश. ठेकेदार खूश. काम असलं की आम्हाला 'मावशी' म्हणतात आणि काम झालं की 'ह्या बायका'. मला 'मुकादम' म्हणत. तेवढ्यावर मी ताठ चालायची.

तर ही बाग व्हायच्या आधीची गोष्ट. नकाशा काढणाऱ्या मॅडमनी बैठक बोलावली होती. सगळ्यांचं म्हणणं ऐकून बाग करायची, असं त्यांचं धोरण. रहिवासी होते, शाळेच्या बाई होत्या, चाकाच्या खुर्चीतले एक तरुण गृहस्थ होते. मी दाराशी उभी. पडद्यावर चित्रं. मॅडम चांगलं बोलत होत्या. शहर सगळ्यांचं असतं, म्हणाल्या. पावसाचं पाणी जमिनीत मुरलं पाहिजे, दिवे उन्हावर चालले पाहिजेत, पाला बाहेर जाता कामा नये. खुर्ची चढेल असा उतार पाहिजे. तो उतार त्यांनी खरंच केला, आणि ते गृहस्थ रोज संध्याकाळी येतात. हे चांगलं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शेवटी मॅडमचं लक्ष माझ्याकडे गेलं. "मुकादम, तुम्हाला काय काय लागेल? यादी द्या."

मला यादी मागितली! दुसऱ्या दिवशी रेघा मारलेल्या कागदावर लिहून दिली. खराटे उभे ठेवायला खोली. फावडी, घमेली, हातगाडी. कुलूप. पत्रा गळका नको, खराटे भिजून कुजतात. हवेला जाळी. धुवायला बाहेर नळ. सगळं मिळालं. एकही गोष्ट कापली नाही. खोलीचं कुलूप पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी बायकांना मिरवून दाखवलं होतं.

सोमवारनंतर समितीनं बदामाखाली पाटी लावली. बाकांवर डबा खाण्यास मनाई. त्याच बाकांवर संध्याकाळी भेळ चालते, वाढदिवसाचे केक कापतात, सकाळी आम्ही मेणबत्त्या वेचतो. पाटी कोणासाठी ते सांगायला नको.

आम्ही मागे गेलो. खोलीच्या मागे, कुंपणाची भिंत आणि खताचा खड्डा ह्यांच्यामध्ये. तिथं दोन माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसतात. माश्या. ऊन. सुमन आणि लक्षी बसल्या. भिमाबाईला बसता येईना. ती भिंतीला टेकून उभ्यानं खाऊ लागली, एका हातावर भाकरी, दुसऱ्या हातानं घास.

"घोडी उभ्यानं खाती," ती म्हणाली. "म्या बी आता घोडीच. फकस्त शेपूट न्हाई माश्या हाकलायला."

लक्षी हसली. लक्षी इथलीच, मिठागरावर वाढलेली. "घोडीला पानी तरी पाजतात मावशे," ती म्हणाली, "तुला कोन पाजनार?"

मी हसले नाही. मी वहीत पाहात राहिले. वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

दोन आठवड्यांत भिमाबाईनं डबा आणणं बंद केलं. "घरी जाऊन खाते," म्हणायची. सहाला कामावर, सुटायची दोनला. शुगरच्या गोळ्या चालू असलेली बाई. एका सकाळी खराट्याच्या दांड्यावर हात ठेवून ती तशीच थांबली, डोळे मिटून. मी धावले. लक्षीनं गुळाचा खडा तोंडात दिला. समोरून पळणाऱ्या एका बाईंनी कानातला इअरफोन काढून विचारलं, "काय झालं?" आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे गेल्या.

त्याच आठवड्यात समितीनं मला फाटकाजवळच्या त्यांच्या ऑफिसात बोलावलं. चांगल्या बागांची निवड होणार होती, त्याचा अर्ज भरायचा होता. पांढरे बूटवाले होते, मॅडम होत्या, ठेकेदाराचा सुपरवायझर होता. चहा होता. मला खुर्ची दिली नाही, मीही मागितली नाही.

"एक सही हवीय मुकादम, कर्मचाऱ्यांच्या पानावर."

मी वाचल्याशिवाय सही करत नाही. वाचलं. मधली एक ओळ अशी होती: सफाई कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची व जेवणाची जागा. पुढे दोन चौकोन, आहे आणि नाही. 'आहे'वर आधीच खूण केलेली.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"अहो, ती मागची खोली."

"ती खराट्यांची आहे. आत हातगाडी आहे. माणूस मावत नाही."

सुपरवायझरनं माझ्याकडे डोळे वटारले. मॅडमना मात्र वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी पिशवीतून फाईल काढली, फाईलमधून एक कागद. माझा. रेघा मारलेला.

"ताई, मी तुम्हालाच विचारलं होतं ना?" त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "तुमची यादी आहे. बघा, ह्यात बसायच्या जागेचा उल्लेखच नाही. तुम्ही लिहिलं असतंत तर मी नक्की दिली असती."

मी कागद हातात घेतला. माझंच वळणदार अक्षर. खराटे भिजू नयेत म्हणून पत्रा. खराट्यांना हवा लागावी म्हणून जाळी. वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात एकही बाई नव्हती. भिमाबाई नव्हती. मीसुद्धा नव्हते.

ह्या क्षणाचा अपमान बाकापेक्षा मोठा होता, कारण त्या खोटं बोलत नव्हत्या. आईनं मला शिकवलं ते मी इतकं नीट केलं होतं की माझ्या यादीतूनही आम्ही नाहीशा झालो होतो. कान तापले. 'हो, माझी चूक' म्हणून सही करून निघायचं, एवढंच बाकी होतं. समजूतदार बाईनं तेच केलं असतं.

खिडकीतून बाग दिसत होती. कोपऱ्यात हिरवं कुंपण घातलेली जागा, तिथं पाण्याचं भांडं, मालकांना बसायला दोन बाकं.

मी विचारलं, "मॅडम, कुत्र्यांनी यादी दिली होती का?"

"काय?"

"तिकडे कुत्र्यांना कोपरा आहे. पाणी आहे. कोणत्या कुत्र्यानं लिहून दिलं होतं? फुलपाखरांसाठी वाफा केलात. फुलपाखरं बैठकीला आली होती? त्यांची गरज तुम्हाला न विचारता कळली. रोज सहा ते दोन इथं राबणारी माणसं भाकरी खातात, हे कळायला माझा कागद लागला?"

मॅडमनी फाईल मिटली. पांढरे बूटवाले म्हणाले, "मुकादम, आवाज."

"आवाज एवढाच आहे माझा. तुम्ही ऐकला नव्हता कधी."

मी टेबलावरचं त्यांचं पेन घेतलं. 'आहे'वरची खूण खोडली. 'नाही'वर केली. बाजूला लिहिलं: खराट्यांसाठी खोली आहे, कामगारांसाठी नाही. बाकावर बसून खाण्यास मनाई आहे. खाली सही, पूर्ण नाव, हुद्दा. अक्षर नेहमीसारखं चांगलं.

"तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ते गृहस्थ म्हणाले.

"माझ्याकडूनसुद्धा नव्हती," मी म्हणाले आणि निघाले.

बाहेर भिमाबाई खराटा टेकून उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, यादीसकट. त्या सोमवारची माफी मागितली.

"माफीवर बसता येतंय व्हय गं, मुकादम?" ती म्हणाली. "जागा कर."

समितीनं अर्जाचं ते पान बदललं आणि सही सुपरवायझरनं केली, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी माझं बीट बदललं. नायगाव काढून गोखिवरे दिलं. सुपरवायझर म्हणाला, "ताई, कशाला नको तिथं डोकं लावलंत? चांगलं चाललं होतं." मी त्याला विचारलं, कोणाचं? तो फोनवर बोलू लागला.

गोखिवऱ्याच्या बायका कारखान्यांच्या गाळ्यांबाहेर, उभ्या टेम्पोंच्या सावलीत खातात. टेम्पो निघाला की डबा उचलून दुसऱ्या टेम्पोकडे. हे मी वहीत लिहिलं. आता प्रत्येक बीटावर पहिला प्रश्न हाच विचारते, कुठे बसून खाता? बहुतेकींना प्रश्न कळतच नाही. "बसून?" म्हणतात. मग हसतात. मला हसणं नकोय, उत्तर हवंय, ठिकाणासकट. ते मी मिळवते.

विरारला आणखी एक बाग होणार आहे. तिचा नकाशा लावलाय आणि हरकती मागवल्यात. मी रजा टाकून नकाशा पाहून आले. पळायची वाट आहे, उतार आहे, उन्हावरचे दिवे आहेत, साहित्याची खोली आहे. आमची जागा नाही. मी हरकत लिहून काढली आहे. बसायला बाक, उंच, गुडघे दुखणाऱ्या बाईला उठता येईल असं. वर छप्पर. पिण्याचं पाणी. आतून लागणारी कडी असलेला संडास. हे बागेच्या मागे नको, वाटेवर पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. आणि नायगावला तसंच बांधा, ही मागणी त्याच कागदावर. ती मेहेरबानी म्हणून घेणार नाही. आमच्या हातांनी जी जागा उभी राहते तिच्यात आम्ही बसणार, चेहरा दाखवून बसणार. ज्याला पुसायचं असेल त्यानं स्वतःच्या हातानं पुसावं.

सुमन आणि लक्षीची सही झाली. भिमाबाईचा अंगठा झाला. तो तिनं उभ्यानंच दिला. गोखिवऱ्याच्या सगळ्या झाल्या, दोघी घाबरल्या होत्या, त्याही झाल्या.

विरारच्या तीन बीटांवरच्या बायकांच्या सह्या राहिल्यात. हरकतीची मुदत शुक्रवारी संपते.