इशीई-सानच्या जागेत गाडी

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी आमच्या चारही बॅगा टेपने मोजल्या. लांबी, रुंदी, उंची. बाबा भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार, मोजल्याशिवाय त्यांच्या हातून काही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी चिंचवडच्या सोसायटीखाली टॅक्सी आली तेव्हा आई दह्याची वाटी घेऊन मागे धावत होती, दीड वर्षाची ईरा माझ्या नवऱ्याच्या, मंदारच्या, खांद्यावर झोपली होती आणि बाबा आमच्या रिकाम्या पार्किंगकडे बघत होते. आमची छोटी गाडी आम्ही आठवड्यापूर्वीच विकली होती. "दोन वर्षांचं तर कॉन्ट्रॅक्ट," बाबा म्हणाले. "जागा राखून ठेवतो. आलात की नवी घ्या."

त्याला आता आठ वर्षं झाली आणि अगदी परवापर्यंत बाबा जागा राखून होते. आधी दोन कुंड्या ठेवल्या, मग साखळी लावली. शेजारचे देशमुख काका दरवर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये अगदी नम्रपणे ती जागा मागायचे. बाबांचं उत्तर ठरलेलं, "मुलगी येणार आहे." तुमच्यापैकी ज्यांचे आईवडील तिकडे आहेत त्यांना हे वाक्य कसं टोचतं ते मी सांगायला नको. मी ते कधी खोडलं नाही आणि खरंही केलं नाही.

इकडे जपानात, टोकियोशेजारच्या इचिकावात, गाडीवाचून आमचं काही अडत नव्हतं. टोकियोचं ऑफिस ट्रेनने, भाजी सायकलने. पण ईराचा रविवारचा मराठी वर्ग दोन ट्रेन आणि एका बसच्या पलीकडे आहे, आणि बसमध्ये ती हमखास ओकते. म्हणजे पोरीचं मराठी टिकवायचं तर गाडी हवी. घ्यायचीच तर इलेक्ट्रिक, असं मंदारने ठरवलं. मग मला एक नवल कळलं. इथे आधी जागा दाखवावी लागते. घराजवळ हक्काचं पार्किंग आहे असा पोलिसांचा दाखला मिळाल्याशिवाय गाडी तुमच्या नावावर होत नाही. चिंचवडला हा नियम लावला तर अर्धी सोसायटी पायी फिरेल.

जागा मिळाली ती इशीई-सानची. पंच्याहत्तरीच्या बाई. घरामागची नासपतीची बाग काढून त्यांनी बारा गाड्यांचं पार्किंग केलंय, कोपऱ्यात एक झाड तेवढं ठेवलंय. चार्जिंगचा पॉइंट बसवून द्याल का, हे विचारायला मी आणि ईरा गेलो. बाईंनी चहा दिला, बिस्किटं पुढे केली आणि शांतपणे म्हणाल्या, "बसवते की. पण तुम्ही किती वर्षं राहणार?"

रास्त प्रश्न. दोन वर्षांसाठी कोण जमीन खणून वायर टाकेल? कामाची तारीख पुढे कशी ढकलावी हे मी या देशात उत्तम शिकले आहे, त्यामुळे तसंच एक गुळगुळीत जपानी वाक्य मनात जुळवत होते. तेवढ्यात ईरा म्हणाली, "झुत्तो."

झुत्तो म्हणजे कायम. एवढं बोलून तिने दुसरं बिस्कीट उचललं. इशीई-सानने मान डोलावली आणि पोलिसांना द्यायच्या संमतीपत्रावर शिक्का मारला. मी आणि मंदार आठ वर्षं जे एकमेकांशीही बोललो नव्हतो, ते पोरीने तोंडातला घास न संपवता सांगून टाकलं. मला तिचा राग आला. आणि हायसंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता बाबांना सांगणं आलं, आणि धीर होईना. पोलिसांच्या अर्जाला घर ते पार्किंग असा नकाशा जोडायचा असतो. शोरूमवाले तो काढून देतात, पण म्हटलं, मी मोजणीदाराची मुलगी. मी स्वतः काढला आणि त्याचा फोटो बाबांना पाठवला. खाली लिहिलं, "बाबा, इथे गाडी घेतोय. नकाशा बरोबर आहे का?" सांगायची ही पळपुटी पद्धत, मला मान्य आहे.

सकाळी उत्तर आलं. "उत्तर दिशा दाखव. रस्त्याची रुंदी लिही. अंतर सरळ रेषेत मागितलंय की रस्त्याने, विचारून घे." गाडीबद्दल चकार शब्द नाही. 

नकाशा पहिल्या फटक्यात मंजूर झाला.

गाडी कुठल्या दिवशी आणायची, यावर आईने पंचांग बघून गुरुवार दिला. गंमत म्हणजे शोरूममधल्या मोरी-साननेही कॅलेंडर पुढे केलं. इथेही गाडी शुभ दिवस बघून नेतात. त्यांचा शुभ दिवस रविवारी येत होता. मला वाटलं आता जुंपणार, पण आई म्हणाली, "तिथे राहता ना? मग तिथला दिवस धरा." एवढं सरळ ती आठ वर्षांत पहिल्यांदाच बोलली.

रविवारी मोरी-सानने आम्हाला एकेक बटण दीड तास समजावलं. ईराला फुलं दिली, फोटो काढला. मंदारने गाडी सुरू केली आणि दोनदा विचारलं, "झाली का चालू?" आवाजच नाही. आम्ही निघालो तसे मोरी-सान कमरेत वाकले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकायची इथे पद्धत आहे, आणि आम्हाला पुढेच लाल सिग्नल लागला. ते सरळ झाले, आम्ही तिथेच, पुन्हा वाकले. तिसऱ्यांदा ईरा खो खो हसायला लागली.

इशीई-सानच्या जागेत गाडी लावून वायर जोडली, हिरवा दिवा लागला. मंदार आणि ईरा बाईंना पेढे द्यायला गेले. मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल केला. गाडी राहिली बाजूला, त्यांनी आधी जागा पाहिली. फोन चारही बाजूंना फिरवायला लावला. "दोन्हीकडे दार उघडायला जागा आहे. चांगलं आहे," म्हणाले. आणि त्याच सुरात, "आपली खालची जागा देशमुखांना दिली. कालच साखळी काढली."

मी याचीच तर वाट बघत होते. ते "मुलगी येणार आहे" एकदाचं थांबावं, मी सुटावं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "कायमची दिलीत?"

बाबा म्हणाले, "मग तूच सांग. किती वर्षं ठेवू?"

टोमणा नव्हता त्यात. शेतकऱ्याला बांध कुठून धरायचा हे विचारावं, तसं विचारलं त्यांनी.  या वेळी पोरगी शेजारी नव्हती उत्तर द्यायला. "असू दे बाबा," मी म्हणाले. "वापरू देत काकांना." फोन ठेवला आणि नव्या गाडीत बसून मनसोक्त रडले.

घर कुठलं, हे आता मला कुणी विचारलं तर पत्ता मी इचिकावाचाच सांगेन. पण जिथली आपली रिकामी जागा दुसऱ्याला दिलेली सोसवत नाही, तेही घरच असणार. नाहीतर मी रडले कशाला?