सासुरवाडीचं शेत

हे गेल्यापासून पनवेलचं घर मला खायला उठत होतं. लेक आफ्रिकेत, मलावीत झोम्ब्याच्या कॉलेजात शिकवते. 'आई, एकदा ये' हे तिचं पालुपद. शेवटी कुलूप लावलं आणि निघाले.

झोम्ब्याचा डोंगर पाहून माथेरान आठवलं. लाल माती, आंब्याची झाडं, मक्याची शेतं. पण लेक कामावर गेली की बोलायला भिंतीच. म्हणून फिरू लागले आणि बांधावर विल्सन भेटला. वयाने माझ्याएवढा, इंग्रजी माझ्याहून बरं. त्याने भाजलेलं कणीस दिलं. मी पडले पनवेलकर, विचारलं, "इकडे गुंठ्याला काय भाव?"

तो हसला. "विकत नाही कुणी. गावच्या मुखियाने घराण्याला दिलेली जमीन. आणि ही माझी नाहीच, बायकोची. मी म्कामविनी (घरजावई)."

आपल्याकडे घरजावयाला लोक तोंड दाबून हसतात. इथे जावईच नांदायला जातो आणि शेत आईकडून लेकीला मिळतं. विल्सनची बायको वारली होती. त्याने राहायचं की जायचं, हे रविवारी तिचा भाऊ सांगणार होता.

"तिला इथेच पुरलंय," तो म्हणाला. "मला इथेच राहायचंय."

रविवारी लेकीला घेऊन गेले. आधी न्सीमा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि तळ्यातली सुकी मासळी. उकडीने बोटं भाजली, पण मासळीच्या वासाने जीव थाऱ्यावर आला. मग मेव्हणा उठला. त्याचं बोलणं लेक मला मराठीत सांगत होती. "तू चांगला राहिलास. आता मोकळा आहेस. आपल्या माणसांत जा."

शेत विल्सनच्या मुलीला मिळालं. ती मान खाली घालून बसली होती. माझं डोकंच फिरलं. "जन्मभर राबवलं आणि आता वाटेला लावताय?"

"आई, हळू!"

इतक्यात मागून एक म्हातारी उठली. विल्सनची थोरली बहीण. त्याला न्यायला सकाळीच चालत आली होती. "तुझ्यासाठी शेताचा तुकडा राखलाय," म्हणत तिने त्याची कुदळ आपल्या खांद्यावर घेतली. विल्सनने एकदा कबरीकडे पाहिलं आणि तिच्यामागून निघाला.

परतीच्या विमानात मी स्वतःला सांगत होते, आपलं बरं आहे. आमच्या शेतावर उठलेल्या इमारतीतला फ्लॅट माझ्या नावावर आहे, तिथून मला कुणी हलवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मासेवालीने दारात टोपली उतरवली. "आलीस गो बाय? तुला न्यायाला कोन आलता?"

"कोण येणार? टॅक्सी केली," मी म्हटलं, आणि तिच्या टोपलीसमोरच मला रडू फुटलं.