दर सोमवारी फिरणारा घडा

मावशींचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. एकवीस वर्षं त्या संग्रहालयातल्या मातीच्या भांड्यांच्या दालनात राखणीला बसत होत्या, आणि आज अकरा वाजता मोठे साहेब तिथेच येणार होते. नव्या टॅबची चाचणी होती. ती जमली तर दालनात माणूस हवाच कशाला, असं साहेब परवा बोलून गेले होते. म्हणजे मावशींची रवानगी खाली, पिशव्या सांभाळायच्या खिडकीत. आल्यागेल्याला बिल्ला द्यायचा आणि भिंतीकडे बघत बसायचं.

टॅबची करामत मात्र होती खरी. काचेच्या कपाटातल्या रंगीत घड्यासमोर तो धरला, की घड्यावरची पुसट हरणं पडद्यावर ताज्या रंगात उठत आणि पळू लागत. कोणता रंग कशापासून केला, तेही टॅब सांगे. शनिवारी मावशी आ वासून पाहत राहिल्या होत्या, पण कौतुक मात्र केलं नव्हतं. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल!

आज मंगळवारी मात्र हरणं उठेचनात. टॅबचं काम करणारी मुलगी कपाटाभोवती घिरट्या घालत होती.

"शनिवारी तर चालत होतं हो," ती रडकुंडीला आली. "हा घडाच ओळखत नाहीये. आज फसलं ना मावशी, तर माझं काही खरं नाही."

मावशींना कालचं आठवलं. काल सुट्टीचा वार, धूळ झटकण्याचा. झटकून झाली की त्या घडा चार बोटं फिरवून ठेवत. खिडकीतलं ऊन एकाच अंगावर पडून रंग उडू नये, म्हणून जुन्या साहेबांनी लावलेली ही सवय. ते निवृत्त झाले. पुढे ना कुणी विचारलं, ना मावशींनी सांगितलं.

आता गप्प बसलं की झालं! खुर्ची शाबूत. मावशी दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मुलगी डोळे पुसत होती. स्वतःचाच राग आला त्यांना. पावणेअकराला त्यांनी कंबरेची कपाटाची किल्ली काढली.

"सरक बाई. मीच फिरवलाय तो."

अकराला हरणं झकास पळाली. साहेब खूश. त्या आनंदात भाबड्या मुलीनं मावशींचं कौतुक करता करता सगळं सांगून टाकलं.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "दर सोमवारी? कुणाला विचारून? घडा खालच्या बैठकीला पक्का चिकटवा. किल्ली कचेरीत जमा करा. आणि मावशी, तुम्ही बसा इथेच. मुलांच्या हातून टॅब पडतील, लक्ष ठेवायला कुणीतरी लागेल."

"पण साहेब, दुपारचं ऊन..."

"पडदा लावा."

"पडद्यानं अंधार होतो सर, टॅबला दिसत नाही," मुलगी चाचरत म्हणाली.

"मग राहू दे," म्हणून साहेब निघूनही गेले.

चारला शाळेची मुलं आली आणि ऊनही आलं, थेट घड्यावर. मावशी उठल्या आणि खिडकी अन् कपाट यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या. पाठ भाजत होती.

"मावशी, सरका ना," टॅब धरलेली एक चिमुरडी म्हणाली. "तुमच्या सावलीमुळे हरणं येत नाहीयेत."

"ऊन गेलं की येतील."

"कधी जातं ते?"

"साडेपाचला."

"आम्ही तर पाचला जाणार!"

"हो ना गं," मावशी म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटलं, पण त्या हलल्या नाहीत.