लाल दोऱ्यांची घरटी

एडवणला आमच्या देवळामागे ताडांची एक रांग होती. भाद्रपदात ऊन आणि सर एकदमच उतरत, तेव्हा ताडांखालचे सारे जग हिरव्या पाण्यात बुडाल्यासारखे भासे. समुद्राची गाज जणू दुसऱ्या कुणाच्या झोपेतून ऐकू येई. झावळ्यांना सुगरणींची घरटी लोंबत. मी त्या देवळाचा पुजारी. बालपण संस्कृत पाठशाळेत गेलेले, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला.

ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात एक मुलगी आणि एक मुलगा तेथे येऊ लागले. दोघेही विद्यापीठात नुकतेच संशोधनाला लागलेले. बोईसरजवळ सरावलीला भाड्याच्या खोल्यांत राहत आणि दोन एसट्या बदलून येत. सुगरणीचा नर अर्धे घरटे विणतो, आतून ओल्या मातीचे लिंपण करतो, आणि मग मादी येऊन ते पारखते. नापसंत घरटे पुढे गळून पडते. त्या लिंपणावरून मादी निवड करते का, हा मुलीचा प्रश्न होता; मुलगा तिच्या मदतीला असे. पावसाळा सरताना त्यांचे मार्गदर्शक सर येऊन, हा विषय तिने चालवायचा की सोडायचा, हे ठरवणार होते.

मासळीची पाटी घेऊन जाणारी एक कोळीण त्यांच्यापाशी हटकून थांबे. "घर बांधतो नर, नि नाव बाईचं! आमच्याकडं उलटं हाय."

"मावशी, तुमच्याकडे घर पारखतं कोण?" मुलीने विचारले.

"पारखायला टायम कुनाला हाय? मिलंल त्यात राहायचा!"

एका संध्याकाळी मी दुसऱ्या गावी पूजेला गेलो होतो. परतलो तर सभामंडपाच्या कोपऱ्यात गळालेली घरटी नीट मांडलेली, आणि प्रत्येकाला लाल दोरा बांधलेला. अपत्यासाठी कुणी नवस बोलले असावे, असे मला वाटले. रिकाम्या घरट्याहून बोलकी प्रार्थना कोणती असणार? तीन दिवस मी त्यांच्यावर फुले वाहिली. एकादशीला एकेक घरटे ओंजळीत धरून, मंत्र म्हणत, तळ्यात विसर्जित केले. ती पाण्यावर डोलत राहिली, भिजली, आणि आतली माती हळूहळू धुरासारखी पाण्यात पसरत गेली. ते पाहताना मला फार शांत वाटले होते.

दुसऱ्या दिवशी ती दोघे विद्यापीठातून लिंपण तोलायचा नाजूक तराजू घेऊन परतली. मी नसताना घरटी त्यांनीच गोळा करून ठेवली होती; दोरा ही त्यांची खूण होती. कोपरा रिकामा पाहून मुलगी माझ्याकडे वळली.

"गुरुजी, इथली घरटी?"

मी सांगितले.

"पोरीचं वरीस बुडवलं तुमी, गुरुजी," वाटेवर थांबून ऐकणारी कोळीण म्हणाली. तिने पाटीही खाली ठेवली नाही.

माझ्यापाशी एकच उपाय होता. पाठांतराने घडलेली माझी स्मृती सहसा दगा देत नसे, आणि प्रत्येक घरटे मी दोन्ही हातांत धरले होते. म्हणालो, "लिंपण कुठे जाड, कुठे पातळ, सगळे आठवते. लिहून घ्या."

मुलाने लगबगीने वही उघडली. मुलीने ती मिटली.

"तुम्हांला आठवतं, यावर माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "पण मी ते मोजलेलं नाही."

शब्दाला प्रमाण मानत वाढलेला मी. त्या विशीतल्या मुलीने मात्र वहीत एवढेच लिहिले: 'घरटी नष्ट. मोजमाप नाही.' पाऊस ओसरल्यावर सर आले. त्यांनी ते पान वाचले, ताडांखाली जाऊन वरची घरटी पाहिली, आणि तिला आणखी एक पावसाळा दिला. मुलाला मात्र दुसऱ्या कामावर पाठवले.

पुढच्या पावसाळ्यात ती एकटीच आली. सकाळची पूजा आटोपली की मी तिच्याशेजारी बसू लागलो. तिने मला वही-पेन्सिल दिली आणि सांगितले, दिसेल तेवढेच लिहायचे. रिमझिमीत एक नर चोचीत गवताची लांब पात घेऊन आला. मागोमाग मादी आली, घरट्याला लोंबकळली आणि उडून गेली. मी लिहिले, 'मादीला घरटे आवडले नाही.'

तिने माझ्या खांद्यावरून वाचले. "गुरुजी, हे पाहिलंत, की वाटलं?"

मी ती ओळ खोडली आणि लिहिले, 'मादी आली. गेली.'