लवंगसुद्धा नाही

नाव: कुमारी भार्गवी संताजीराव शिंदे. वय एकोणचाळीस, राहणार येलहंका, बेंगळुरू. हुद्दा: वरिष्ठ विश्लेषक, मौखिक नमुने विभाग, पीण्या. सदर व्यक्ती दातांवरच्या थरातील मेदाम्ले (फॅटी अॅसिड) ओळखण्यास सक्षम असून दुर्गंधीच्या बाबतीत तिचे मत अंतिम समजावे.

दुर्गंधीशी तिचा संबंध जुना. बारा वर्षांपूर्वी पुण्याहून सर्जापूर रोडवर नोकरीला आलेला उपेंद्र तिला बघायला आला. त्यानं दोनदा मागून उप्पीट खाल्लं आणि मध्यस्थाला कळवलं, "मुलगी चांगली आहे, पण तोंडाला जरा वास येतो." मध्यस्थानं ते समाजभर केलं. मग प्रत्येक लग्नात कोणीतरी मावशी हळूच तिच्या मुठीत लवंग सरकवायची. लग्नं इतरांची झाली. भार्गवीकडे लवंगा साठल्या.

म्हणून यंदा तिच्या विभागातल्या दातांच्या चाचणीच्या स्वयंसेवकांत त्याचं नाव दिसलं, तेव्हा फोन तिनंच केला.

"नमुना देईपर्यंत दात घासायचे नाहीत, सर. पाच दिवस." बाकीच्यांना दोन सांगितले होते.

"पाच? मॅडम, ऑफिसात क्लायंट येतायत. निदान लवंग तरी?"

"लवंगसुद्धा नाही."

ठरल्या दिवशी तो तोंडावर रुमाल धरूनच आला. बायकोनं हॉलमध्ये झोपायला लावलंय, हे त्यानं न विचारताच सांगितलं. त्यानं तोंड उघडलं नि मदतनीस यल्लाप्पा मागे सरकला. "अक्का, स्वल्प खिडकी उघडतो हां," म्हणाला आणि डोकं बाहेर काढून तिथंच उभा राहिला. भार्गवी मात्र वाकली, थर खरवडला. घाई केली नाही.

"फार वाईट आहे का हो, मॅडम?"

याचं उत्तर तिनं बारा वर्षं घोटून ठेवलं होतं. "माणूस चांगले आहात, पण तोंडाला जरा वास येतो."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याला काहीही आठवलं नाही. तिनं पर्समधली लवंग काढून पुढे केली, तर तो म्हणाला, "थँक यू! किती काळजी घेता हो तुम्ही."

दुपारी यंत्रानं आलेख काढला. ब्युटिरिक आम्लाचं, म्हणजे खवट लोण्याच्या वासाचं, टोक कागदाबाहेर गेलं. अहवालात 'वास' या रकान्यात भार्गवीनं 'असह्य' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या नि सही ठोकली.

कोविड होऊन गेल्यापासून तिला कसलाच वास येत नाही.